बेसमेंटमधला रेडॉन : हवा, पंखा आणि आपली फुप्फुसे



न्यू जर्सीत घर घेताना इन्स्पेक्शनच्या कागदांच्या गठ्ठ्यात रेडॉनचा एक कागद असतो. आम्हीही तो पाहिला होता. ऑगस्टमधली टेस्ट, आकडा २.८, सरकारी मर्यादा ४. म्हणजे पास! आम्ही कागद फाइलला लावला आणि बेसमेंट फिनिश करायला घेतले. एका कोपऱ्यात ऑफिस, आई-बाबांसाठी खोली, मधल्या मोकळ्या जागेत गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमी. पुढे जानेवारीत सहज म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून कोळशाच्या डबीची टेस्ट आणून ठेवली, तर आकडा आला ६.३. तेव्हा आई-बाबा खालीच झोपत होते. मग मात्र आम्ही दोघांनी हा विषय नीट वाचून काढला. आपल्यापैकी बऱ्याच जणांची घरे सॉमरसेट, मॉरिस, हंटरडन, मर्सर या काउंटींत आहेत आणि या सगळ्या इपीएच्या नकाशावर सर्वाधिक शक्यतेच्या पट्ट्यात येतात. म्हणून हा लेख.

रेडॉन हा रंग-वास नसलेला किरणोत्सारी वायू. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे, म्हणजे मातीतून घरात शिरायला भरपूर वेळ. पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या 'रीडिंग प्रॉन्ग' या खडकाच्या पट्ट्यात युरेनियम जास्त आहे. या पट्ट्यात राहणारे स्टॅन्ली वॉट्रस हे इंजिनिअर डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज प्रकल्पात कामावर गेले, की तिथले किरणोत्साराचे अलार्म वाजत. प्रकल्पातून अजून वीजही निघत नव्हती. शोध घेतल्यावर कळले की किरणोत्सार ते घरून घेऊन येत होते! त्यांच्या घरात रेडॉन होता सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर. अमेरिकेतल्या घरांची सरासरी १.३ आहे, बाहेरच्या हवेची ०.४.

आईला हे सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "अरे, मग खिडक्या उघडा की!" सांगलीच्या घराला ना तळघर, ना बंद खिडक्या, आणि खाली दख्खनचा बसाल्ट, ज्यात युरेनियम मुळातच कमी. तिच्या सूचनेत तथ्य किती हे पाहायला आम्ही एक्सेल उघडले. (सवय, दुसरे काय!)

हिशेब गळक्या टाकीसारखा आहे. तासाला जेवढा रेडॉन आत येतो, त्याला खोलीचे आकारमान आणि निघून जाण्याचा वेग यांच्या गुणाकाराने भागायचे. रेडॉन दोन वाटांनी कमी होतो. एक, आपोआप क्षय होऊन, तासाला पाऊण टक्का. दुसरी वाट हवा बदलण्याची. बंद घरातही तासाला साधारण पाव भाग हवा बदलते, म्हणजे क्षयाच्या तीस-पस्तीस पट. म्हणून क्षय जवळजवळ विसरून जा, खेळ सगळा हवेचा. आमचे बेसमेंट सुमारे २०० घनमीटर. तासाला १२,००० बेकरेल रेडॉन आत येतो असे धरले तर पाव भागाच्या हिशेबाने २३३ बेकरेल प्रति घनमीटर येतात, म्हणजेच आमचा ६.३. हवा दुप्पट बदलली तर ३.२, चौपट बदलली तर १.६. आई बरोबर!

पण इथेच आमचे पहिले मॉडेल फसले. आत येणारा रेडॉन कायम तेवढाच राहील असे आम्ही धरले होते. प्रत्यक्षात हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून वरच्या मजल्यांच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला बेसमेंट खालून हवा ओढते. दाबातला फरक काही पास्कलचाच, पण स्लॅबच्या भेगा, संप पंपचा खड्डा, पाइपांभोवतीच्या फटी यांतून मातीतला वायू खेचायला तो पुरतो. आमचा ऑगस्टचा २.८ आणि जानेवारीचा ६.३ यांतले अंतर बहुधा याचेच. ड्रायर आणि बाथरूमचा एक्झॉस्टही हेच करतात. फक्त वरच्या मजल्याची खिडकी उघडली तर ओढ वाढूही शकते. बेसमेंटची खिडकी उघडली तर फायदा होतो, पण जानेवारीत ती किती वेळ उघडी ठेवणार? हीटिंगचे बिल कोण भरणार?

आता फुप्फुसांचे. रेडॉन स्वतः बहुतेक उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. त्रास देते ती त्याची पिल्लावळ : पोलोनियम, शिसे, बिस्मथ. हे वायू नव्हेत, घन कण. धुळीला चिकटतात आणि श्वासनलिकांच्या फाट्यांवर बसतात. त्यांची अर्धायुष्ये अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे कफाबरोबर बाहेर पडण्याआधीच बरेचसे तिथेच फुटतात. पोलोनियमचा अल्फा कण पेशींमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जातो. कातडीवर तो निरुपद्रवी, पण श्वासनलिकेच्या अस्तरातल्या नाजूक पेशी नेमक्या तेवढ्याच खोलीवर असतात.

डोसाचा हिशेबही केला. वर्षाला २,००० तास बेसमेंटच्या ऑफिसात (२०२० नंतर आपल्यातल्या अनेकांचे हेच झाले), ५,००० तास वर, जिथे रेडॉन निम्मा धरला. युनोच्या वैज्ञानिक समितीचा गुणक लावून वर्षाला पावणेचार मिलिसिव्हर्टच्या आसपास येतात. छातीचा एक एक्स-रे साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट. बाकी आकडे इपीएचे : आयुष्यभर ४ पातळीत राहिले तर धूम्रपान न करणाऱ्या हजारांत सात जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, करणाऱ्या हजारांत ६२ जणांना. ४ ही काही सुरक्षिततेची रेषा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकरेल, म्हणजे २.७ सुचवले आहे. त्या मापाने आमचा ऑगस्टचा 'पास'सुद्धा काठावर नापासच.

एअर प्युरिफायरने भागेल का, असे बरेच जण विचारतात. रेडॉन फिल्टरमध्ये अडकत नाही. धूळ कमी होते, पण मग धुळीला न चिकटलेल्या, अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण वाढते आणि तेच श्वासनलिकांत जास्त सहज बसतात. आमचे मत : ॲलर्जीसाठी जरूर घ्या, रेडॉनसाठी नको.

खरा उपाय दाब उलटा करण्याचा. स्लॅबला भोक पाडून पीव्हीसी पाइप बसवतात, पाइपवर घराबाहेर किंवा माळ्यावर पंखा, आणि तोंड छपराच्या वर. पंखा स्लॅबखालून सतत हवा ओढतो, त्यामुळे मातीतला वायू घरात न येता थेट बाहेर जातो. भेगाही बुजवतात. खर्च साधारण एक ते अडीच हजार डॉलर. न्यू जर्सीत हे काम राज्याचे सर्टिफिकेट असलेल्यांनीच करायचे असते, ते आधी मागून घ्या. आमचे काम एका दिवसात झाले आणि नंतरची टेस्ट ०.९ आली. तोवर आई-बाबांना वरच्या खोलीत हलवले होते, तालमी मात्र एका मित्राच्या गॅरेजमध्ये, कोट घालून!

टेस्ट करताना आधीचे बारा तास आणि टेस्टभर दारे-खिडक्या बंद ठेवा, येण्याजाण्यापुरते दार चालेल. डबी तुम्ही वापरता त्या सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवा. शक्यतो हिवाळ्यात करा, किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ चालणारी टेस्ट घ्या. यंत्रणा बसवल्यावरही दर दोन वर्षांनी पुन्हा मोजा. आणि पाइपवर रंगीत द्रवाची एक यू-नळी असते तिच्याकडे येता-जाता बघा : दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली, तर पंखा बंद पडला आहे.