काजू, गोधन आणि मर्कोसुर

देवाच्या खिरीत आपण श्रद्धेने घालतो तो काजू मूळचा ब्राझीलचा, याचा आज गोमंतकात कोणालाही सहसा आठव होत नाही. हिंदुस्थानकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल इ. स. १५०० च्या एप्रिलात ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला आणि त्याच वर्षी कालिकतला पोहोचला. पुढे १५१० मध्ये गोवे पोर्तुगिजांच्या हाती गेले आणि त्याच शतकात काजू व अननस इकडे रुजले. येताना त्यांनी आपली नावेही आणली. हे दोन्ही शब्द मूळ तिकडच्या आदिवासींच्या भाषांतले होत.

ही देवघेव एकतर्फी राहिली नाही. एकोणिसाव्या शतकापासून काठेवाडची गीर, गुजरातची कांकरेज आणि आंध्रातील ओंगोल ही गुरे ब्राझीलला गेली. गीरच्या संकरातून निपजलेली गिरोलांडो जात तेथील दूधव्यवसायाचा मोठा आधार झाली. ओंगोलच्या वंशावर मात्र मांसाचा व्यापार उभा राहिला. हे आपल्या मनास रुचणारे नसले, तरी इतिहासाने ते झाकू नये.

२६ मार्च १९९१ रोजी अर्जेंटिना, ब्राझील, पाराग्वे व उरुग्वे यांनी असुन्सियोनच्या तहाने मर्कोसुर हा व्यापारसंघ स्थापन केला. संघाचा बाह्य आयातकर समाईक असल्याने करसवलतीची बोलणी साऱ्या संघाशीच करावी लागतात. भारताचा करार २५ जानेवारी २००४ रोजी नवी दिल्लीत झाला. तो अमलात येण्यास १ जून २००९ उजाडला. भारताने ४५० आणि संघाने ४५२ वस्तूंवर सवलत दिली खरी. पण बहुतेक वस्तूंवरील करात कपात झाली ती अवघी १० किंवा २० टक्के. एवढ्या तुटपुंज्या सवलतीने सातासमुद्रांपलीकडच्या वाहतुकीचा खर्च कसा भरून निघावा?

आपली औषधे, रसायने व वाहने तिकडे जातात. तिकडून सोयाबीनचे तेल येते. त्या तेलाने शहरातील गृहिणीचा खर्च हलका होतो, पण स्वस्त तेलाची आवक वाढली की माळव्यातील सोयाबीन उत्पादकाच्या भावावर दाब येतो. म्हणून निर्यातीची यादी अवश्य वाढवावी. मात्र बदल्यात काय द्यावयाचे, हे ठरविताना त्या शेतकऱ्याचाही विचार व्हावा. काजू आपला झाला, तो येथील कष्टकऱ्यांनी तो डोंगरउतारावर लावला, जोपासला आणि त्यावर आपला संसार चालविला म्हणून. नव्या व्यापाराचीही हीच कसोटी असावी.