कपाटातले पाकीट : ‘बालक ओळख किट’ कोठून आले?

१/ एक पाकीट. आत बोटांच्या ठशांसाठी दहा चौकटी, छायाचित्राची जागा, उंची, वजन व जन्मखुणांचे रकाने आणि गालाच्या आतील पेशी घेण्यासाठी कापूस लावलेली काडी. अमेरिकेत पालक हे पाकीट भरतात, कपाटात ठेवतात आणि ते उघडण्याची वेळ कधीच येऊ नये अशी आशा करतात. त्याचा हा इतिहास. (धागा)

२/ त्यामागील शास्त्राचे एक मूळ बंगालमध्ये आहे. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर घेतला आणि पुढे अनेक वर्षे तो ठसे जमवीत राहिला. १८९२ च्या आपल्या ग्रंथात फ्रान्सिस गॉल्टनने अडीच वर्षांच्या एका बालकाचे ठसे आणि त्याच मुलाचे मोठेपणीचे ठसे तुलनेसाठी मांडले. हात वाढला होता. रेषांची ठेवण तीच होती.

३/ बालपणीचा ठसा पुढेही ओळख पटवू शकतो, हे असे दिसून आले. तरीही पोलिसांकडे बोटांचे ठसे देणे ही दीर्घकाळ गुन्हेगारांशी जोडलेली गोष्ट राहिली. मग आईबापांनीच आपल्या मुलाची बोटे शाईवर का टेकवली?

४/ २५ मे १९७९, न्यूयॉर्क. सहा वर्षांचा ईटन पॅट्झ प्रथमच एकटा शाळेच्या बसथांब्याकडे निघाला, तो परतलाच नाही. जुलै १९८१ मध्ये फ्लोरिडातील एका मोठ्या दुकानातून सहा वर्षांचाच ॲडम वॉल्श नाहीसा झाला. दोन आठवड्यांनी त्याचे अवशेष सापडले.

५/ या काळात अनेक पालकांना दुसरा धक्का बसला तो यंत्रणेचा. एफबीआयच्या राष्ट्रीय संगणकात चोरीच्या मोटारी व बंदुकांची नोंद १९६७ पासून होत असे. बेपत्ता व्यक्तींचा विभागही १९७५ पासून होता. पण त्यात मुलाचे नाव घालायचे की नाही, हे स्थानिक पोलिसांवर सोडलेले होते. ‘पळून गेले असेल, येईल परत’ असे सांगून पालकांना थांबवून ठेवले जाई.

६/ ॲडमच्या आईवडिलांनी हा प्रश्न लावून धरला. ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘मिसिंग चिल्ड्रेन ॲक्ट’ संमत झाला आणि मुलाची नोंद राष्ट्रीय संगणकात झाली आहे का, हे विचारण्याचा अधिकार पालकांना मिळाला. १९८४ मध्ये बेपत्ता मुलांसाठी राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. पोलिसांनी तक्रार घेण्यापूर्वी वाट पाहायला लावण्याची पद्धत १९९० च्या कायद्याने बंद केली.

७/ ठशांची शिबिरे याच वर्षांत भरू लागली. शाळांत, बाजारसंकुलांत मुले रांगेत उभी राहत आणि ठशांचे कार्ड घेऊन घरी जात. निरपराध मुलांचे ठसे सरकारदफ्तरी का असावेत, असा आक्षेप नागरी हक्कांच्या बाजूने आला. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पोलीस प्रत ठेवत नसत. किट ‘कपाटातले’ झाले ते असे.

८/ सप्टेंबर १९८४ मध्ये आयोवा राज्यातील एका दुग्धालयाने वर्तमानपत्रे टाकणाऱ्या दोन बेपत्ता मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापली. ही प्रथा झपाट्याने देशभर पसरली. न्याहारीच्या टेबलावर रोज एक हरवलेला चेहरा. यामुळे मुलेच भेदरतात, असा इशारा बालरोगतज्ज्ञांनी दिला आणि दशकाअखेरीस ती छायाचित्रे बहुतांशी नाहीशी झाली.

९/ भीतीचा आकार वास्तवाहून मोठा होता. बहुतेक ‘बेपत्ता’ मुले घरातून निघून गेलेली किंवा पालकांच्या ताब्याच्या वादात अडकलेली असतात, हे दाखविणाऱ्या ‘डेन्व्हर पोस्ट’ला १९८६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९९ च्या स्थितीवरील सरकारी अभ्यासानुसार, अनोळखी किंवा तोंडओळखीच्या माणसाने केलेल्या गंभीर अपहरणांची संख्या वर्षाला सुमारे ११५ होती.

१०/ १९९७ पासून फुटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेच्या साहाय्याने किटचे वाटप मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. मात्र ठशाची मर्यादा ध्यानात घ्यावी. ठसा मूल शोधून देत नाही. सापडलेले मूल कोणाचे, हे सांगतो. शोधकार्यात उपयोगी पडते ते ताजे छायाचित्र आणि तत्काळ नोंदलेली तक्रार.

११/ हे कटू सत्य टेक्सासमध्ये उघड झाले. शाळांमार्फत किट देण्याचा कायदा तेथे २०२१ मध्ये झाला. २४ मे २०२२ रोजी युवाल्डी येथील शाळेतील गोळीबारात १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. ओळख पटविण्यासाठी पालकांना डीएनएचे नमुने द्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यभर किट वाटली जाऊ लागली, तेव्हा ‘हे मूल शोधण्यासाठी, की मृतदेह ओळखण्यासाठी?’ असा प्रश्न अनेक पालकांच्या मनात आला.

१२/ आपल्याकडे वाट निराळी. १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. नागपुरात तर बालगृहातील मुलाचे नवे आधार काढताना जुनी नोंद आढळली आणि ते घरी पोहोचले, असेही घडले आहे.

१३/ त्या मुलाला घर मिळाले, कारण त्याचे ठसे शोधता येतील अशा ठिकाणी होते. कपाटातल्या कार्डाला हे जमत नाही. म्हणून मुलाचे अलीकडचे छायाचित्र हाताशी ठेवावे, आपला दूरध्वनी क्रमांक त्याच्याकडून पाठ करून घ्यावा आणि मूल दिसेनासे झाले तर घटकाभरही न थांबता पोलीस ठाणे गाठावे. थांबू नये, एवढे मान्य करून घ्यायला अमेरिकेतील पालकांना दहा वर्षे झगडावे लागले.