मुक्या नाचाची कुळकथा

नाच आणि नाद यांची फारकत होऊ शकेल, असे आपल्या वाडवडिलांच्या स्वप्नातही आले नसेल. हलगी कडाडली की पाय उचललेच पाहिजेत! आमच्या तिसगावापासून जवळच मढी आहे. कानिफनाथांच्या समाधीची तिथली यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. गाढवांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. गड नजरेस पडण्याआधीच ढोलाचा घुमारा कानी येतो. अशा मुलखातल्या माणसाला कोणी सांगितले की, शे-दोनशे माणसे भर रात्री बेभान नाचत आहेत आणि पलीकडच्या घरात मूल पाळण्यात गाढ झोपले आहे, तर तो ही भुताटकीच समजेल.

परंतु ही भुताटकी नव्हे. हिला ‘सायलेंट डिस्को’ म्हणतात. आपण हिला मुका नाच म्हणू. प्रत्येकाच्या कानावर बिनतारी हेडफोन असतो, संगीत थेट कानात उतरते आणि बाहेर सामसूम असते.

हिची कुळकथा दोन यंत्रांपासून सुरू होते, आणि गंमत अशी की दोन्ही यंत्रे थोड्याच वर्षांच्या अंतराने जन्मली. अमेरिकेतील यूटा प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरात कानाचे यंत्र तयार केले आणि १९१० साली ते अमेरिकन आरमाराकडे धाडले. आरमाराला ते पसंत पडले. पण मागणी शेकड्याने आली, तेव्हा एका वेळी दहाच यंत्रे होतील, असे त्याला कळवावे लागले. पुढे १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे जमलेल्या प्रचंड समुदायाला लाउडस्पीकरवरून संगीत ऐकवण्यात आले. एका यंत्राने आवाज एकाच्या कानात बंद केला, दुसऱ्याने तो हजारांवर उधळला. विसाव्या शतकात जत्रा, सभा, लग्ने आणि उत्सव जिंकले ते दुसऱ्या यंत्राने.

आपल्याकडे तर त्याचे राज्यच झाले. ‘डीजे’ हा मुळात तबकड्या लावणारा माणूस. आपल्या खेड्यांत मात्र डीजे म्हणजे ट्रॅक्टरवर रचलेली कर्ण्यांची भिंत! वरात निघाली की खिडक्यांची तावदाने थरथरतात. माळवदाखाली दहावीचा अभ्यास करणारी पोर कानांत बोटे घालून बसते, आणि तिच्या वतीने बोलायला कोणी जात नाही. कारण शेजाऱ्याच्या मंगल कार्यात तोंड कसे घालायचे?

हा प्रश्न केवळ झोपमोडीचा नाही. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. शेजारी लाउडस्पीकर कर्कश वाजत होता आणि त्यात तिची हाक बुडून गेली. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतले. त्या बातमीने व्यथित झालेला एक अभियंता सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले: रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर कर्णे बंद, वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हे आकडे फसवे असतात. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते. न्यायालयाचा निकाल १८ जुलै २००५ रोजी लागला. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण न ऐकण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे, हे त्याचे सार.

त्याच २००५ साली इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीच्या विख्यात संगीत महोत्सवात मुका नाच रंगला. तिथेही कारण तेच: रात्रीच्या आवाजावर निर्बंध. कल्पना मात्र जुनी होती. रिस्तो यार्वा या फिनलंडच्या दिग्दर्शकाने १९६९ सालच्या आपल्या चित्रपटात २०१२ साल कल्पून हेडफोन लावलेल्या मंडळींची मेजवानी दाखवली होती. भविष्य त्याच्या हिशेबापेक्षा थोडे लवकरच आले!

आणि आपल्या दाराशी ते आले गोव्यात. काणकोण तालुक्यातील पाळोळेच्या किनाऱ्यालगत रात्री दहानंतर कर्णे मिटत आणि पाहुण्यांच्या हाती हेडफोन पडत. पाळोळेच्या या मुक्या रात्री देशोदेशीच्या प्रवाशांत गाजल्या. पुढे मुंबईतही काही ठिकाणी नवरात्रात हेडफोन लावून गरबा खेळला गेला.

यातली रचना मोठी मजेदार आहे. बहुधा तीन प्रक्षेपक असतात आणि तीन डीजे एकाच वेळी तीन निरनिराळी गाणी लावतात. कळ दाबली की हेडफोनवरचा दिवा बदलतो: लाल, हिरवा, निळा. डीजेला समोर दिव्यांचे शेत दिसते. त्याचे गाणे फसले की त्याचा रंग डोळ्यांदेखत ओसरतो आणि शेजाऱ्याचा फुलतो. इतके उघड मतदान कोणत्या कलावंताने पाहिले असेल? कर्ण्यांच्या भिंतीमागे लपलेला माणूस येथे पुन्हा समोर येतो. त्याला ताकदीवर नव्हे, निवडीवर जिंकावे लागते. नाचणाऱ्याने हेडफोन काढला तर त्याला ऐकू येतात फक्त घासणारी पावले, धापा आणि स्वतःच्या आवाजाचे भान सुटलेल्या मंडळींचे बेसूर गाणे. मग हसू आवरत नाही.

उणे नाही असे नव्हे. आवाज कानाला इतका जवळ असतो की तो बेताने न ठेवल्यास श्रवणशक्तीलाच अपाय होतो. शिवाय तीन रंगांत वाटलेल्या मेळ्यात सगळे एका तालावर नसतात. भजनात टाळ-मृदंगाने शेकडो माणसांचे जे एक मन होते, ते हेडफोन देऊ शकणार नाही; आणि मढीचा ढोल मुका झाला तर ती यात्राच उरणार नाही.

पण ढोल वाजवणारा हात दमतो, भजन गाणाऱ्याचा घसा बसतो. माणसाच्या वाद्याला माणसाच्याच शक्तीची सीमा होती, आणि तीच शेजाऱ्याची राखण करीत होती. विजेच्या कर्ण्याला दम लागत नाही. म्हणून सीमा आपल्याला घालावी लागली. मुक्या नाचाने एवढे मात्र निश्चित दाखवून दिले की आपला आनंद दुसऱ्याच्या घरात न घुसताही पुरा होतो. आपल्या उत्सवांना तो हेडफोन घ्यावासा वाटेल की नाही, कोण जाणे! माळवदाखालच्या त्या पोरीला विचारून पाहावे. तिचे उत्तर मात्र वरात पुढे गेल्यावरच ऐकू येईल.