भांग, हकीम आणि प्रयोगशाळा : एका औषधाचा विस्मृत वारसा

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे आहेत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि त्यांवर येणारी चिकट राळ म्हणजे चरस. संस्कृतात या वनस्पतीला भंगा आणि विजया, अरबीत किन्नब आणि फारसीत बंग अशी नावे आहेत. तिचे नाव घेताच आज चिलीम आणि पोलिसांचा छापा डोळ्यांसमोर येतो. मात्र आधुनिक औषधशास्त्रात तिचा रीतसर प्रवेश 1839 मध्ये कलकत्त्यातून झाला आणि त्यामागे अरबी-फारसी तिब्बचा मोठा आधार होता. हा आधार पुढे कसा विसरला गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हकीम आणि फकीह

अंदलुसियातील मालागा येथे जन्मलेला वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार (मृत्यू 1248) याने इजिप्तच्या बागांमध्ये ही 'हिंदी किन्नब' स्वतः पाहिली होती. तेथील फकिरांमध्ये तिचे सेवन चालते आणि मात्रा वाढली की बुद्धिभ्रंश होतो, अशी नोंद त्याने केली. औषधाचे गुण आणि दोष शेजारी शेजारी लिहिण्याची ही पद्धत तिब्बच्या ग्रंथांमध्ये पुढेही कायम राहिली.

फिक्हच्या अभ्यासकांपुढे प्रश्न निराळा होता. कुरआनात खम्रचा उल्लेख आहे, पण हशीशचा नाही. तेव्हा तिला कोणता हुकूम लावायचा? इब्न तैमिया (मृत्यू 1328) यांनी तिला मद्याच्या बरोबरीने धरून हद्द लागू करण्याचे मत मांडले. त्यांच्या आधी इजिप्तचे मालिकी फकीह अल-कराफी (मृत्यू 1285) यांनी मादक, झोप आणणारी आणि बुद्धी बिघडवणारी द्रव्ये असे तीन भेद केले होते. हशीश तिसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून तिच्यासाठी हद्द नव्हे तर ताझीर, असे त्यांचे म्हणणे होते. अल-झरकशी (मृत्यू 1392) यांनी तर या विषयावर स्वतंत्र रिसालाच लिहिला. नशेसाठी सेवन निषिद्ध, यावर सर्वसाधारण एकमत होते. वाद होता तो शिक्षेच्या स्वरूपाचा आणि औषधी वापराच्या मर्यादेचा. केवळ शिक्षेने व्यसन मिटत नाही, हेही त्या काळात दिसून आले होते. इतिहासकार मकरीझी याने कैरोतील एका अमिराची हकिकत दिली आहे. या अमिराने 780 हिजरीच्या (इ.स. 1378) सुमारास हशीश खाणाऱ्यांचे दात उपटण्याची शिक्षा दिली. तरीही मकरीझीच्याच हयातीत तिचा वापर पुन्हा उघडपणे सुरू झाला.

गोव्यातील नोंद

युरोपीय वाचकांना भांगेची सविस्तर माहिती देणारे एक आरंभीचे पुस्तक गोव्यात छापले गेले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता 1534 मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुरहान निजामशाहाच्या दरबारीही तो वैद्य म्हणून जात असे आणि तेथील हकिमांशी चर्चा करत असे. 1563 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने एका पोर्तुगीज सरदाराला सांगितलेली गोष्ट त्यात येते: रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान किंवा अरबस्तानची सफर करावीशी वाटली की थोडी भांग खाल्ली म्हणजे झाले.

कलकत्ता, 1839

खरा पालट झाला तो कलकत्त्यात. 1809 मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला डॉक्टर विल्यम ओशॉनेसी 1833 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत आला आणि पुढे नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. गांजावरचा त्याचा निबंध 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवात प्रयोगांनी नव्हे, ग्रंथांच्या आढाव्याने होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुहम्मद हुसेन यांनी लिहिलेल्या 'मख्झन अल-अद्विया' या फारसी औषधकोशाचा त्याने उपयोग केला. या कोशात भांगेचे उपयोग दिले आहेत, तसे दीर्घ सेवनाचे परिणामही दिले आहेत: पचनशक्ती क्षीण होणे, चेहरा व हातपाय सुजणे, दात पडणे.

ओशॉनेसीने मदतनिसांची नावे मोकळेपणाने नोंदवली. संस्कृत ग्रंथांसाठी पंडित कमलाकांत विद्यालंकार आणि मधुसूदन गुप्त. अरबी-फारसी परंपरेसाठी तेहरानचे हकीम मिर्झा अब्दुल रझेस आणि हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली. करामत अली हे गणिताचे जाणकार होते आणि इराण-अफगाणिस्तानात हिंडलेले होते. ज्या वक्फचे ते मुतवल्ली होते, तो हाजी मुहम्मद मोहसिन यांनी 1806 मध्ये केला होता. त्याच्या उत्पन्नातून पुढे बंगालमधील असंख्य मुस्लिम विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या.

ग्रंथांनंतर प्रयोगांची पाळी आली. कुत्रा, मांजर, गिधाड, कावळा अशा मांसाहारी जीवांवर नशेचा परिणाम चटकन होतो, तर घोडा, शेळी, गाय यांच्यावर अगदी थोडा होतो, असे त्याला दिसले. प्राण्यांवर खात्री पटल्यावरच त्याने संधिवात, पटकी, धनुर्वात आणि जलसंत्रासाच्या रुग्णांना औषध दिले. जलसंत्रासाचा रुग्ण वाचला नाही, पण त्याच्या यातना कमी झाल्या. धनुर्वाताचे काही रुग्ण बरे झाले. आकडीने बेजार झालेली 40 दिवसांची एक बालिकाही या औषधाने बरी झाली. जेथे अपयश आले तेथे त्याने ते लपवले नाही आणि सततच्या सेवनाने होणाऱ्या भ्रमाचीही नोंद केली.

विस्मृती आणि पुनर्शोध

ओशॉनेसीने हे औषध इंग्लंडला नेले आणि तेथे त्याचा अर्क विकला जाऊ लागला. मात्र प्रत्येक मालाची ताकद वेगळी निघे, त्यामुळे मात्रा ठरेना. हळूहळू डॉक्टरांचा विश्वास उडाला. दरम्यान, गांजाने वेड लागते अशा तक्रारी पार्लमेंटपर्यंत गेल्या आणि 1893-94 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने 1,193 साक्षी नोंदवल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली. वेडाचे कारण म्हणून 'गांजा' हा शब्द पुष्कळदा नीट चौकशी न करताच लिहिला जात होता, असे त्यात आढळले. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा निष्कर्ष काढून आयोगाने बंदीऐवजी कर व नियंत्रणाची शिफारस केली. पुढे वारे फिरले. स्वतंत्र भारतात 1985 च्या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आली. नुसती पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली.

विज्ञानाने या वनस्पतीकडे पुन्हा वळून पाहिले ते 1964 मध्ये. त्या वर्षी इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, शुद्ध रूपात वेगळे केले. मात्रा ठरवण्याची जुनी अडचण आता सुटण्यासारखी झाली. 1992 मध्ये मेंदूतच तयार होणारे तशाच गुणाचे द्रव्य सापडले. त्याला संस्कृत 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' हे नाव मिळाले. 2018 मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या दोन दुर्मीळ व कठीण प्रकारांसाठी, मुख्यतः बालवयात सुरू होणाऱ्या, याच वनस्पतीतील नशा न आणणाऱ्या सीबीडी या द्रव्याचे औषध मान्य झाले. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले; भारतानेही बाजूने मत दिले.

कलकत्त्यातील 40 दिवसांची ती बालिका आणि 2018 चे हे औषध यांच्यात जवळजवळ 180 वर्षांचे अंतर आहे. या प्रवासाच्या सर्वसाधारण वृत्तांतांत ओशॉनेसीचे नाव हमखास येते. करामत अली, मिर्झा अब्दुल रझेस, कमलाकांत आणि मधुसूदन यांची नावे मात्र क्वचितच आढळतात. वास्तविक त्याने स्वतः ती लिहून ठेवली होती. हा केवळ श्रेयाचा प्रश्न नाही. गुण सांगताना दोष लपवायचा नाही आणि दोषाच्या भीतीने गुण नाकारायचा नाही, ही शिस्त या जुन्या ग्रंथांमध्ये होती. ती सुटली तेव्हा कधी अवाजवी स्तुती झाली, तर कधी अवाजवी धास्ती. औषधी गांजाच्या आजच्या चर्चेत त्या शिस्तीची तितकीच गरज आहे, आणि त्यासाठी अरबी, फारसी व संस्कृत औषधकोशांची पाने पुन्हा उघडावी लागतील. ती वाचू शकणारे अभ्यासक तयार करणे, हे शिक्षणसंस्थांचेच काम आहे.