ख्रिस्ती धर्मशिक्षण: मुलांना अध्यात्म कसं शिकवलं जातं?

रविवारच्या संडे स्कूलमध्ये मुलं गाणी म्हणतात, बायबलमधली गोष्ट ऐकतात आणि एखादं वचन पाठ करतात. पण वचन पाठ झालं म्हणजे अध्यात्म आलं का? बायबलच्या मते तेवढं पुरेसं नाही.

हे शिक्षण कुठे मिळतं?

जळगाव आणि धुळे हे जिल्हे कॅथलिक चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला. कॅथलिक मुलांना पहिल्या कम्युनियनआधी धर्मशिक्षण दिलं जातं. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये संडे स्कूल आणि सुट्टीतली बायबल शाळा भरते.

बायबलची तत्त्वं कोणती?

- घर ही पहिली शाळा: घरात बसताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी देवाच्या आज्ञांविषयी बोलावं (अनुवाद ६).
- ऐकलेलं आचरणात आणावं: नुसतं ऐकणं ही स्वतःचीच फसवणूक आहे (याकोब १).
- मुलांना चिडीला आणू नये: ही सूचना थेट वडिलांना आहे (इफिसकरांस ६).
- ओळखीचं उदाहरण घ्यावं: येशूनं पेरणीचा दाखला दिला (मत्तय १३). खडकाळ जागी उगवलेलं रोप का वाळतं, हे कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. ‘आपलं मन कोणती जमीन?’ या प्रश्नापासून खरा धडा सुरू होतो.

भाषेची अडचण काय?

खान्देशात अनेक घरांत अहिराणी, भिली किंवा पावरी बोलली जाते, तर मराठी बायबल प्रमाण भाषेत आहे. त्यामुळे शब्द पाठ होतात, पण अर्थ निसटू शकतो. यावरचा उपाय जुना आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुराणं ऐकायची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली. सुमारे ११ हजार ओव्यांचं हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं.

शाळेत हे शिकवता येतं का?

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय त्यात सहभागी करता येत नाही. मिशनच्या शाळांनाही हा नियम लागू आहे. म्हणून मुख्य जबाबदारी घर आणि चर्चवरच येते.

मूल शिकलं, हे कसं ओळखायचं?

गलतीकरांस ५ मध्ये प्रीती, सहनशीलता, सौम्यता अशा गुणांना ‘आत्म्याचं फळ’ म्हटलं आहे. भांडण झाल्यावर मूल स्वतःहून माफी मागायला गेलं, तर धडा पोहोचला असं समजावं.