तिबेटचा शेणकिडा आणि पाटण्याचे शहामृग

मिल्टन कीन्सला घर घेतलं त्या वर्षी मेथी-कोथिंबीर लावायला हौसेने परसात कुदळ मारली. वीतभर खाली चिकणमाती लागली आणि तीत खडूचे पांढरे गोळे, गारगोट्या! बिल्डरने राडारोडा पुरला म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. बिचारा निर्दोष होता. हा राडारोडा सुमारे ४,५०,००० वर्षांपूर्वी इथवर आलेल्या बर्फाने टाकलेला.

शेवटच्या हिमयुगात मात्र बर्फाची कड नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्याशीच थांबली. आपल्या गावी होता तो गोठलेला, झाडं नसलेला माळ.

"पण हे पाहिलं कोणी?" आमच्या कन्येचा प्रश्न. पाहिलं किड्यांनी! बर्मिंगहॅम विद्यापीठातले रसेल कूप जुन्या गाळातून भुंगेऱ्यांचे टणक पंख वेचून जाती ओळखत. प्रत्येक जातीला ठरावीकच हवा मानवते. जात आज जिथे राहते तिथलं तापमान पाहायचं, की त्या काळच्या इंग्लंडचा अंदाज बांधता येतो. हिमयुगातल्या इंग्रजी थरांत त्यांना चक्क आज तिबेटच्या पठारावर राहणारा शेणकिडा सापडला. (आपण व्हिसा काढून आलो, तो आधीच इथे होता!) झाडं सावकाश पसरतात, किडे उडत येतात. म्हणून सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी आलेली ऊब परागकणांआधी किड्यांत दिसते. पुढे १२,९०० च्या सुमारास थंडी परतली आणि ११,७०० वर्षांपूर्वी कायमची ओसरली.

त्या काळी आपल्याकडे काय होतं? चाळीसगावजवळची पाटणादेवी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मीही लहानपणी मामांबरोबर जात असे. भास्कराचार्यांचं नाव सगळे सांगत, शहामृगाचं कोणीच नाही. तिथल्याच पाटणे गावी १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं. वय सुमारे २५,००० वर्षं. शहामृग म्हणजे कोरडा, मोकळा गवताळ मुलूख. आपला पाऊस तेव्हा दुबळा होता. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरूंनी हीच गोष्ट नद्यांच्या काठांवरून वाचली. हिमयुगात प्रवरा, घोड यांसारख्या नद्यांना गाळ वाहून नेण्याइतकं पाणी नव्हतं, त्यामुळे पात्रं भरत गेली. हिमयुग सरलं, मोसमी पाऊस जोरावर आला आणि त्याच नद्यांनी तो गाळ खोल कापला. नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या दर्शनाला गेलात, तर प्रवरेचे उंच काठ जरूर पाहा.

मला अस्वस्थ करते ती या बदलाची गती. ग्रीनलंडच्या बर्फाचे वर्षावर्षाचे थर मोजले, तर ११,७०० वर्षांपूर्वीची तिथली ऊब काही दशकांतच आलेली दिसते. म्हणजे एका माणसाच्या हयातीत. मामांची कपाशी अजूनही कोरडवाहू आहे. जूनचे पंधरा दिवस गेले, की त्यांचा फोन येतो, "तुमच्या त्या कॉम्प्युटरात पाऊस दिसतो का रे?" आठवड्याभराचा दिसतो, तेवढा मी त्यांना सांगतो.