बिंदो पक्ष्याचे कर्तृत्व : कचारगडच्या कथापरंपरेतील कल्पित जीवसृष्टी

१

कल्पित प्राण्याचा कर्ता कोण, हा प्रश्न वाङ्मयविचाराच्या परिघावर राहिला आहे. पात्र, प्रसंग, छंद आणि रूपक यांचे कर्तृत्व आपण काळजीपूर्वक ठरवतो. परंतु निसर्गात नसलेला, तरीही एखाद्या समाजाने एकत्रितपणे घडवलेला जीव समोर आला की त्याची नोंद 'अद्भुत' या सदरात करून आपण पुढे जातो. हा जीव एकाने रचलेला नसतो. तो अनेकांच्या तोंडून, अनेक पिढ्यांत, एकमेकांच्या सांगण्यात भर घालत आणि त्याला मुरड घालत घडलेला असतो. म्हणून 'अनामिक' हे विशेषण त्याला सहज चिकटते, आणि अनामिक म्हणजे इतिहासरहित असा अर्थ नकळत गृहीत धरला जातो. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. ते उदाहरण गोंडांच्या लिंगो आख्यानातील बिंदो या पक्ष्याचे, आणि त्या आख्यानाचे आजचे प्रमुख तीर्थ असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील कचारगडचे आहे.

मराठी प्रदेशाला कल्पित प्राणी अपरिचित नाहीत. शरभ आणि गंडभेरुंड हे येथील दुर्गद्वारांवर कोरलेले आहेत. पंचतंत्रातील दोन मुखांचा व एका उदराचा भारुंड पक्षी तर 'भारूड' या रचनाप्रकाराच्या नावाची एक व्युत्पत्ती म्हणून अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु या तिघांचेही स्वरूप मूलतः सांकेतिक आहे. शरभ सामर्थ्याची खूण म्हणून दारावर उभा राहतो. भारुंड एका मुखाच्या मत्सराने विष खाऊन मरतो आणि ऐक्याचा धडा देऊन कथेतून निवृत्त होतो. तो एरवी काय खातो, घरटे कोठे बांधतो, त्याची पिले कशी वाढतात, हे विचारण्याचे कारणच उरत नाही. बिंदोची गोष्ट निराळी आहे, आणि तिचे निराळेपण हेच या विवेचनाचे प्रस्थान होय.

२

लिंगो आख्यानाची पहिली विस्तृत मुद्रित संहिता १८६६ साली नागपूर येथे प्रसिद्ध झाली. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरला स्थायिक झालेले स्कॉटिश मिशनरी १८६३ मध्ये मरण पावले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांचे संपादन मध्य प्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी केले. त्या कागदपत्रांत परधान गायकाकडून उतरवून घेतलेले हे दीर्घ गीत होते. परधान हा गोंडांच्या वंशावळी आणि देवकथा वाद्याच्या साथीने गाणारा समाज. त्यामुळे छापलेली ही संहिता म्हणजे मुळात एका गायनाची लेखी प्रत होती.

या संहितेत महादेव उपद्रवी गोंडांना एका गुहेत कोंडतो. आपल्या अंगापासून निर्माण केलेली एक खार तो त्यांच्यापुढे सोडतो. शिकारीच्या नादाने ते तिच्यामागे गुहेत शिरतात आणि दारावर सोळा हात लांबीची शिळा बसते. चौघे तेवढे निसटतात आणि काचीकोपा लोहागड या ठिकाणी आश्रय घेतात. पुढे फुलातून जन्मलेला लिंगो या चौघांना येऊन मिळतो, त्यांच्याच हातून मारला जातो, अमृताने पुन्हा जिवंत होतो आणि कोंडलेल्या गोंडांची सुटका मागण्यासाठी महादेवाकडे जातो. महादेव सुटकेची किंमत सांगतो : समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिले आणून द्यावीत.

येथे आख्यान थबकते आणि एका जीवाचे वर्णन करू लागते. बिंदो प्रचंड असून हत्ती हे त्याचे भक्ष्य आहे. नर आणि मादी दोघेही अन्नाच्या शोधात दूर जातात, आणि त्या अवकाशात समुद्रातून भौरनाग हा सर्प वर येऊन घरट्यातील पिले गिळतो. हे वारंवार घडल्याने बिंदोचा वंश वाढत नाही. लिंगो पोचतो तेव्हा आईबाप नेमके बाहेर गेलेले असतात. पिले उचलून नेणे त्याला शक्य आहे. तरीही तो थांबतो, सर्पाला मारतो आणि आईबापांची वाट पाहतो. परतलेले पक्षी कृतज्ञतेने पिलांसह लिंगोला पाठीवर घेऊन निघतात, आणि वाटेत दुसरा पक्षी पंख पसरून त्याच्यावर सावली धरतो.

३

या प्रसंगातील वाङ्मयीन युक्तिवाद सूक्ष्म आहे. बिंदो नुसता मोठा असता, तर तो परीकथेतील एक अडथळा ठरला असता. परंतु त्याला आहार दिलेला आहे, शत्रू दिला आहे, संगोपनाची रीत दिली आहे आणि वंशनाशाचे संकट दिले आहे. या चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. भक्ष्य मोठे म्हणून शोध लांबचा. शोध लांबचा म्हणून घरटे उघडे. घरटे उघडे म्हणून सर्पाला वाव. लिंगोचे कार्य या साखळीतील नेमक्या दुव्यावर घाव घालते. प्राणी कल्पित आहे. त्याच्या जगण्यातील कार्यकारणभाव मात्र कल्पित नाही. तो वनात राहणाऱ्या आणि पक्ष्यांची घरटी पाहिलेल्या लोकांच्या निरीक्षणातून आलेला आहे.

कल्पित जीवाला जीवशास्त्रीय नियम लावण्याची ही रीत आधुनिक काळात एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून प्रतिष्ठित झाली. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गेरोल्फ श्टायनर यांनी १९५७ मध्ये हाराल्ड श्टुम्प्के या टोपणनावाने नाकाने चालणाऱ्या प्राण्यांच्या एका संपूर्ण गणाचे शास्त्रीय थाटातील वर्णन प्रसिद्ध केले. डूगल डिक्सन यांनी १९८१ मध्ये 'आफ्टर मॅन' या ग्रंथात मानवोत्तर पृथ्वीवरील प्राणी कल्पिले. पुढे अनेकांनी मिळून अशी सृष्टी रचण्याची प्रथा रूढ झाली. एकजण भक्षक सुचवतो, दुसरा त्याचे भक्ष्य, तिसरा दोघांचा पूर्वज. आणि जो प्राणी इतरांच्या प्राण्यांशी जुळत नाही तो गळून पडतो. या प्रथेत कर्तृत्व विभागलेले असले तरी शिस्त सामाईक असते. बिंदोची घडण याच तत्त्वावर झाली आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. मात्र एक भेद नजरेआड करता येत नाही. आधुनिक रचनाकाराला आपला प्राणी खोटा आहे हे ठाऊक असते आणि तेच त्याच्या खेळाचे अधिष्ठान असते. परधान गायकासाठी बिंदो खेळातला नाही. तो श्रद्धेच्या इतिहासातला आहे. 'कल्पित' हा शब्द आपण वापरतो तेव्हा तो समीक्षकाचा शब्द आहे, गायकाचा नव्हे, याचे भान ठेवणे आवश्यक ठरते.

४

हिस्लॉप यांच्या चरित्रातील एक योगायोग या संदर्भात बोलका आहे. ते भूशास्त्राचेही अभ्यासक होते आणि नागपूर परिसरातील जीवाश्म त्यांनी चिकाटीने गोळा केले होते. आजच्या चंद्रपूर भागातील मांगली येथे मिळालेल्या एका कवटीवरून रिचर्ड ओवेन यांनी १८५०च्या दशकात ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या लुप्त उभयचराचे वर्णन केले. एका कवटीवरून कोणीही न पाहिलेला प्राणी उभा राहिला आणि प्राणिशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या नावापुढे वर्णनकर्त्याचे नाव लागले. त्याच प्रदेशात, त्याच संग्राहकाच्या काळात, कोणीही न पाहिलेला दुसरा एक प्राणी कागदावर उतरला. त्याच्या नावापुढे मात्र कोणाचेच नाव लागले नाही. ग्रंथावर हिस्लॉप व टेंपल ही संग्राहकाची आणि संपादकाची नावे आली. गायकाचे आले नाही.

मुद्रणाने आणखी एक परिणाम घडवला. एका गायनाची प्रत ही आख्यानाची 'मूळ' प्रत ठरली. जेम्स फॉर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात तिला लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या वळणाचा इंग्रजी छंद दिला. १९१६ मध्ये रसेल व हिरालाल यांच्या जातिजमातीविषयक ग्रंथात तिचा सारांश आला. प्रत्येक पुनर्लेखनात बिंदो होता, पण तो आता वाढत नव्हता. परधानाच्या तोंडी त्याला नवे पीस फुटू शकले असते. ग्रंथालयात तो ओवेनच्या कवटीसारखा स्थिर झाला.

५

आख्यान मात्र ग्रंथालयाबाहेर चालूच राहिले. फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये आला. त्यात परधानांनी सांगितलेल्या देवकथांत कोंडले जातात ते गोंडांचे देव, त्यांची जननी कली कंकाली आणि त्यांच्यासाठी झटणारी जंगूबाई. या परधानांची घरची भाषा मराठी आणि आख्यानाची भाषा गोंडी आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विसरू नये. म्हणजे हे कथाविश्व आपल्या भाषेच्या शेजारी नसून तिच्या घरातच वावरत होते.

कचारगडची कथा या दुसऱ्या प्रवाहाची आहे. सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वेस्थानकापासून जवळ, धनेगावच्या पुढील डोंगरात ही विस्तीर्ण नैसर्गिक गुहा आहे. १९८०च्या दशकात नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्थान म्हणजेच आख्यानातील कोया वंशाचे उगमस्थान, असे प्रतिपादन केले. माघ पौर्णिमेच्या यात्रेला संघटित रूप मिळाले, आणि आज अनेक राज्यांतून गोंड समाज येथे येतो. 'काचीकोपा लोहागड' या जुन्या नावाशी आणि डोंगरातील लोहखनिजाशी स्थळनामाचा संबंध जोडला जातो. येथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत कली कंकालीची तेहेतीस मुले शंभूने गुहेत कोंडली आहेत. रायताड जंगो त्यांची कैवारी आहे, पारी कुपार लिंगो त्यांचा मुक्तिदाता आहे. परंतु शिळा हलते ती हिरासुका पाटालीर या गायक-वादकाच्या संगीताने. त्या सुरांनी बळ आलेली मुले आतून रेटा देतात, शिळा गडगडते आणि तिच्याखाली सापडून हिरासुका मरतो.

या कथेच्या मुख्य ओघात बिंदो नाही. पारंपरिक पद्धतीचा अभ्यासक येथे 'प्रक्षेप' आणि 'ऱ्हास' हे शब्द वापरील. १८६६ ची संहिता जुनी म्हणून खरी आणि यात्रेतील कथा अर्वाचीन म्हणून गौण, असे ठरवील. परंतु आदिलाबादची नोंद पाहता ही कथा यात्रेबरोबर जन्मली असे म्हणता येत नाही. शिवाय दोन्ही कथांची संरचना ताडून पाहिली तर एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. दोन्हीकडे गुहा आहे, शिळा आहे आणि सुटकेची किंमत आहे. प्रॉपच्या परिभाषेत बोलायचे तर कार्य तेच आहे, ते पार पाडणारा बदलला आहे. पहिल्या कथेत किंमत एका पक्ष्याच्या पिलांनी चुकवली जाणार होती. दुसरीत ती गायकाने स्वतः चुकवली. ज्या परधानाचे नाव मुद्रित ग्रंथावर आले नाही, त्याचा आद्य पूर्वज म्हणून परंपरा ज्याला ओळखते तो हिरासुका, आख्यानाच्या केंद्रस्थानी नावानिशी उभा आहे. सामूहिक कर्त्याने आपली सही कथेच्या आत केली आहे.

६

मग कल्पित जीवांचे काय झाले? १८६६ च्याच संहितेत याचे अर्धे उत्तर आहे. मुक्त झालेले गोंड नदी ओलांडतात तेव्हा चौघे मागे राहतात. पुसी ही सुसर त्यांना पाठीवर घेते आणि मध्यावर बुडवू पाहते. दामे हे कासव त्यांना वाचवते. ते चौघे कासवाला कधीही न मारण्याची शपथ घेतात. बोलणारे कासव कल्पित आहे. शपथेने सुरक्षित झालेले कासव नदीतले आहे.

कोया पुनेमच्या मांडणीत हाच विचार व्यवस्थेच्या पातळीवर जातो. लिंगोने समाजाची साडेसातशे कुळांत विभागणी केली, आणि प्रत्येक कुळाने एक पशू, एक पक्षी व एक वनस्पती यांचे रक्षण करावे, असे ही परंपरा सांगते. बेरीज २,२५० जीवांची होते. हा आकडा गणनेचा नव्हे, आदर्शाचा आहे. पण त्यामागील कल्पनाशक्ती बिंदो घडवणाऱ्या कल्पनाशक्तीहून वेगळी नाही. टेकाम या कुळनामात साग आणि मरकाम या नावात आंबा आहे. प्रत्येक कुळाकडे सृष्टीचा एक लहान तुकडा, आणि सर्व तुकडे जुळल्याशिवाय सृष्टी पूर्ण नाही. लेव्ही-स्त्राउस यांनी १९६२ मध्ये कुलचिन्हांकडे विचाराची साधने म्हणून पाहण्यास शिकवले. येथे ती साधने जबाबदारीचीही आहेत.

तेव्हा 'अनामिक' हा शब्द या परंपरेपुरता तरी मागे घ्यावा लागेल. तिच्यात कर्तृत्व आहे, त्याचे नियम आहेत, गळून पडलेल्या आणि नव्याने आलेल्या आकृतींचा इतिहासही आहे. धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. यात्रा, पुस्तिका आणि ध्वनिक्षेपक यांच्या युगात कचारगडची कथा स्वतःच प्रमाणसंहिता होऊ लागली, तर १८६६ मध्ये बिंदोचे जे झाले ते हिरासुकाचे होण्यास वेळ लागणार नाही. ते टाळणे समीक्षकाच्या हाती फारसे नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचणे, एकीला मूळ आणि दुसरीला विकृती न म्हणणे, आणि ज्यांनी त्या गायल्या त्यांना माहितगार न म्हणता कर्ते म्हणणे, एवढे त्याच्या हाती आहे. हिस्लॉप यांच्या कागदांपासून आजवर ते राहून गेले आहे.